परतलेला विजेता

शुगर रे रॉबिन्सन आपल्या व्यावसायिक कारकिर्दीत १९ लढती हरला. त्यांतल्या १६ तो एकदा निवृत्त होऊन परतल्यानंतर हरला. डिसेंबर १९५२ मध्ये त्याने पहिल्यांदा निवृत्ती जाहीर केली, तेव्हा बारा वर्षांत त्याला फक्त तिघांनी हरवले होते: १९४३ मध्ये जेक लामोटाने, १९५१ मध्ये रँडी टर्पिनने आणि १९५२ च्या जूनमध्ये जोई मॅक्सिमने. मॅक्सिमविरुद्ध तर तो गुणांवर पुढे होता. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर त्या रात्री इतका उकाडा होता की दहाव्या फेरीनंतर पंचालाच बदलावे लागले आणि तेराव्या फेरीनंतर रॉबिन्सनला स्टुलावरून उठता आले नाही. पुढची दोन वर्षे तो रंगमंचावर नाचला. जानेवारी १९५५ मध्ये तो रिंगमध्ये परतला आणि त्याच महिन्यात टायगर जोन्सकडून सरळ गुणांवर हरला. तरी तो लढत राहिला, नोव्हेंबर १९६५ पर्यंत, वयाच्या ४४ व्या वर्षापर्यंत. शेवटच्या काही वर्षांत त्याला अशा लोकांनी हरवले, ज्यांची नावे आज केवळ त्याला हरवल्यामुळे उरली आहेत. एवढे सगळे होऊनही २००२ मध्ये ‘द रिंग’ मासिकाने मागच्या ८० वर्षांतल्या ८० सर्वोत्तम बॉक्सरांची यादी केली, तेव्हा पहिले नाव रॉबिन्सनचेच होते. त्या १६ पराभवांनी त्याच्या स्थानाला धक्का लावला नाही.

ही गोष्ट आपल्या एका पक्क्या समजुतीशी जुळत नाही. विजेत्याने शिखरावर असताना थांबावे आणि थांबल्यावर परत येऊ नये, नाहीतर कमावलेले नाव मातीत जाईल, असे मुष्टियुद्धाबद्दल लिहिणारे आणि बोलणारे शंभर वर्षे सांगत आले आहेत. या सल्ल्यामागे एक हिशेब गृहीत धरलेला आहे. बॉक्सरचा लौकिक म्हणजे एक खाते, विजय जमेला आणि पराभव नावे, आणि उतारवयातला प्रत्येक पराभव आधीच्या शिलकीतून वजा होतो. मोठ्या विजेत्यांची पुनरागमने एकेक करून तपासली की हा हिशेब चुकतो. परतल्यानंतरचे पराभव लोकांच्या मनात सहसा वजा होतच नाहीत. विजय मात्र जमा होतात, कधीकधी भरघोस. पराभव खरोखर वजा होतो तो एका विशिष्ट परिस्थितीत: पहिल्या कारकिर्दीने एखादा मोठा प्रश्न अनुत्तरित सोडलेला असेल आणि पुनरागमनाच्या लढतीने त्याचे उत्तर दिले असेल तेव्हा. हे खरे असेल तर परतणाऱ्या बॉक्सरबद्दलची आपली नेहमीची काळजी चुकीच्या जागी खर्च होते आहे. जे सुरक्षित आहे त्याचे आपण रक्षण करतो आणि जे धोक्यात आहे त्याकडे बघत नाही.

जो लुइसपासून सुरुवात करू, कारण ‘नाव घालवले’ हा आरोप त्याच्याइतका क्वचितच कोणावर झाला असेल. २२ जून १९३७ रोजी त्याने जेम्स ब्रॅडॉककडून हेवीवेट अजिंक्यपद घेतले आणि १ मार्च १९४९ रोजी निवृत्ती घेईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा वर्षे, ते सोडले नाही. २५ वेळा त्याने ते राखले. या वजनी गटातला हा विक्रम आजही उभा आहे. त्याच्यासमोर नाव घेण्यासारखा कोणी उरला नव्हता. मॅक्स श्मेलिंगने १९३६ मध्ये त्याला हरवले होते, त्याचा हिशेब १९३८ मध्ये पहिल्याच फेरीत चुकता झाला होता. मग तो परतला का? पैशासाठी. युद्धकाळात, १९४२ मध्ये, त्याने दोन लढतींचे मानधन नौदल आणि लष्कर यांच्या मदत निधींना देऊन टाकले होते, पण करखात्याने ते त्याचे उत्पन्न धरले. ती थकबाकी आणि इतर चुकलेले कर वाढत गेले आणि व्याज धरून दहा लाख डॉलरच्या वर पोहोचले. त्या काळी अमेरिकेत उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर नव्वद टक्क्यांच्या आसपास प्राप्तिकर होता. म्हणजे देणे फेडायला लढावे, तर लढून मिळालेल्या पैशावरच नवे देणे उभे राहायचे. सप्टेंबर १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवले. त्यानंतर त्याने सलग आठ लढती जिंकल्या, आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोने ३७ वर्षांच्या लुइसला आठव्या फेरीत दोरांमधून बाहेर फेकले. ड्रेसिंग रूममध्ये जिंकलेला मार्सियानो रडला. तो लुइसला लहानपणापासून मानत आला होता.

त्या रात्री पाहणाऱ्यांना एक युग संपल्याचे दुःख झाले असेल. पण आज जो लुइस म्हटल्यावर काय आठवते? ते २५ बचाव, श्मेलिंगविरुद्धची ती १२४ सेकंदे, आणि वंशभेदाने चिरलेल्या देशात एका कृष्णवर्णीय माणसाने सगळ्यांचा विजेता होणे. ‘द रिंग’च्या त्याच यादीत तो चौथा आहे. मार्सियानोकडून झालेला पराभव लुइसच्या चरित्रात आहे, पण तिथे तो करखात्याची आणि माणसाच्या लाचारीची गोष्ट म्हणून येतो, बॉक्सर म्हणून त्याचे मोजमाप म्हणून कोणी तो वापरत नाही.

मुहम्मद अलीचे उदाहरण याहून वेदनादायक आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने लिऑन स्पिंक्सकडून अजिंक्यपद तिसऱ्यांदा मिळवले आणि पुढच्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. १९८० च्या सुरुवातीला तो भारतात होता, चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, त्याने जुना सहकारी जिमी एलिसबरोबर प्रदर्शनीय लढत केली आणि दिल्लीत इंदिरा गांधींची भेट घेतली. इथल्या गर्दीने पाहिला तो निवृत्त अली होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तो लास व्हेगासमध्ये लॅरी होम्ससमोर उभा होता, सुमारे ८० लाख डॉलरच्या मोबदल्यासाठी. दोन वर्षांत वाढलेले वजन त्याने थायरॉइडचे औषध घेऊन उतरवले होते. आरशात तो तरुण अलीसारखा दिसत होता आणि शरीरात काही उरले नव्हते. होम्स एकेकाळी त्याचा सराव-जोडीदार होता. दहा फेऱ्या झाल्या, तिन्ही गुणपंचांनी दहाही होम्सला दिल्या. मध्येमध्ये होम्स पंचाकडे पाहून लढत थांबवण्याच्या खुणा करत होता. अखेर प्रशिक्षक अँजेलो डंडीने अलीला अकराव्या फेरीसाठी उठू दिले नाही. संपूर्ण कारकिर्दीत अलीची लढत अशी थांबवावी लागण्याची ही एकमेव वेळ. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९८१ मध्ये, बहामासमध्ये ट्रेव्हर बर्बिकने त्याला गुणांवर हरवले. तिथली व्यवस्था इतकी ढिसाळ होती की फेरीच्या सुरुवातीला गाईच्या गळ्यातली घंटा वाजवावी लागली.

अलीच्या नावाचे या दोन लढतींनी काय बिघडवले? काहीही नाही, असेच उत्तर द्यावे लागते. त्याच्या एकूण पाच पराभवांपैकी दोन हे आहेत आणि ते कोणी मोजत नाही. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिम्पिक ज्योतीजवळ थरथरत्या हाताने उभा राहिलेला माणूस लोकांना हरलेला वाटला नाही. अलीच्या मोठेपणावर वाद घालणारे लोक सॉनी लिस्टन, जॉर्ज फोरमन, जो फ्रेझर यांच्याबद्दल बोलतात, व्हिएतनाम युद्धात जायला नकार देऊन गमावलेल्या साडेतीन वर्षांबद्दल बोलतात. बर्बिकबद्दल कोणी बोलत नाही.

लोक उदार असतात, लाडक्या माणसाचे अपयश पोटात घालतात, असे यावर म्हणता येईल. पण उदारपणाने हे पूर्ण उलगडत नाही, कारण याच हिशेबाची दुसरी बाजूही रिकामी आहे. लुइसचा पराभव जर त्याच्या नावे पडला असता, तर तो मार्सियानोच्या जमेला यायला हवा होता. तसे झालेले नाही. मार्सियानोच्या कारकिर्दीचे मोल ठरवताना लुइसवरचा विजय टीकाकारच पुढे आणतात, त्याने म्हातारे हरवले हे सिद्ध करायला. होम्सचे तर आयुष्यभराचे दुःख हे होते. तो ४८ लढती अजिंक्य राहिलेला, अप्रतिम जॅबचा हेवीवेट. पण अलीला हरवल्याचे श्रेय त्याला कोणी दिले नाही, उलट त्याच्याबद्दल एक न बोललेला राग उरला. हरवणाऱ्याला श्रेय न देणे यात अलीवरच्या प्रेमाचा काही भाग असेलही, पण त्यातला निर्णय थंड डोक्याचा आहे. लोकांनी ठरवलेले असते की या लढतीने दोघांपैकी कोण मोठा याबद्दल काहीही सांगितले नाही. आणि जी लढत काही सांगत नाही, ती ना जमा होते ना नावे.

याला ठळक अपवाद आहे तो जेम्स जेफ्रीजचा, आणि त्या अपवादातूनच नियम नीट कळतो. जेफ्रीज १९०५ मध्ये अजिंक्य हेवीवेट विजेता म्हणून निवृत्त झाला आणि कॅलिफोर्नियात शेती करू लागला. विजेता असताना त्याने कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी अजिंक्यपदासाठी लढायला नकार दिला होता. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला, आणि गोऱ्या अमेरिकेने जेफ्रीजला परत यायला भाग पाडले. लेखक जॅक लंडननेही त्याला जाहीर हाक दिली. जवळजवळ ४५ किलो वजन उतरवून जेफ्रीज ४ जुलै १९१० रोजी नेवाडातल्या रिनो इथे उतरला आणि पंधराव्या फेरीत पडला. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली होऊन माणसे मेली. लढतीच्या चित्रफितीवर ठिकठिकाणी बंदी आली आणि १९१२ मध्ये लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यालाच संसदेने कायद्याने मनाई केली.

जेफ्रीजही पाच वर्षांनी परतला होता, गंजलेला होता, सराव अपुरा होता. लुइसला आणि अलीला मिळालेली सवलत त्याला का मिळाली नाही? वयाचे कारण त्याला पुरत नव्हते, कारण तो जॉन्सनपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठा होता. पण खरे कारण आणखी आत आहे. जेफ्रीजच्या पहिल्या कारकिर्दीत एक प्रश्न उघडा राहिला होता: ज्यांच्याशी तो लढलाच नाही त्यांच्यासमोर तो कितपत टिकला असता? तो प्रश्न त्याने स्वतःच्या नकाराने उभा केला होता. रिनोच्या लढतीने त्याचे उत्तर दिले. भर बहरातही आपण जॉन्सनला हरवू शकलो नसतो, असे त्याने नंतर कबूल केल्याचे त्या वेळच्या वार्तांकनात आहे. म्हणूनच इथे श्रेयही पूर्ण मिळाले. जॉन्सनचा हा विजय आजही त्याच्या कारकिर्दीचा कळस मानला जातो, म्हातारा हरवला असे कोणी म्हणत नाही. लुइस आणि अली यांनी असा प्रश्न मागे ठेवलेलाच नव्हता. जे लढायला आले त्या सगळ्यांशी ते भरात असताना लढून झाले होते.

प्रश्न उरलेला असेल तर उत्तर बॉक्सरच्या बाजूनेही पडू शकते, आणि तेव्हा पुनरागमन सगळ्या कारकिर्दीचा अर्थ बदलते. शुगर रे लेनर्डच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि मे १९८२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोर इथे मोठा समारंभ करून, मिडलवेट विजेता मार्व्हिन हॅगलर प्रेक्षकांत बसलेला असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. ज्या लढतीची सगळे वाट पाहत होते ती आता होणार नाही, असा त्याचा अर्थ होता. १९८४ मध्ये एकदा परतून, केव्हिन हॉवर्डकडून आयुष्यात पहिल्यांदा खाली पडून, लढत जिंकूनही तो त्याच रात्री पुन्हा निवृत्त झाला. मग ६ एप्रिल १९८७ रोजी, पाच वर्षांत एकच लढत खेळलेला लेनर्ड अकरा वर्षे न हरलेल्या हॅगलरसमोर उतरला आणि तीनपैकी दोन गुणपंचांच्या मताने जिंकला. त्या निकालावर आजही भांडणे होतात. पण प्रश्न सुटला होता आणि त्याचे फळ लेनर्डला मिळाले. १९९१ मध्ये टेरी नॉरिसने त्याला धुतले आणि १९९७ मध्ये, चाळिशीत, हेक्टर कमाचोने पाचव्या फेरीत संपवले, तरी ‘द रिंग’च्या यादीत तो नववा राहिला. एकाच माणसाच्या दोन पुनरागमनांत हा फरक इतका स्वच्छ दिसतो की वेगळा पुरावा शोधायला नको. हॅगलरची लढत जमा झाली, कारण तिने काही ठरवले. नॉरिसची आणि कमाचोची लढत हवेत विरली.

जॉर्ज फोरमनने याच वाटेवर सगळ्यांत लांब मजल मारली. १९७३ मध्ये किंग्स्टनला त्याने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले, तेव्हा तो अजेय वाटत होता. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अलीने आठव्या फेरीत त्याला पाडले, आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल एक शंका कायम राहिली: हा दुबळ्यांवर तुटून पडणारा आहे, समोरचा उभा राहिला की याची हवा जाते. मार्च १९७७ मध्ये सॅन हुआनला जिमी यंगकडून हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्याला धार्मिक साक्षात्कार झाला आणि २८ व्या वर्षी तो खेळ सोडून ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. शंका तशीच राहिली. दहा वर्षांनी, मार्च १९८७ मध्ये, आपल्या युवक केंद्रासाठी पैसे हवेत म्हणून तो परतला, तेव्हा त्याचे वजन १२० किलोच्या घरात होते आणि वर्तमानपत्रांना ती करमणूक वाटली. १९९१ मध्ये इव्हँडर होलीफील्डविरुद्ध तो हरला, पण पुरत्या बारा फेऱ्या टिकून, फेऱ्यांच्या मध्ये स्टुलावर न बसता. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, ४५ व्या वर्षी, किन्शासात घातलेली तीच लाल चड्डी घालून तो २६ वर्षांच्या हेवीवेट विजेत्या मायकेल मूररसमोर उभा राहिला. नऊ फेऱ्या तो गुणांवर मागे होता. दहावीत एक आखूड, सरळ उजवा ठोसा बसला आणि मूरर उठला नाही. फोरमनच्या कोपऱ्यात त्या रात्री अँजेलो डंडी होता, वीस वर्षांपूर्वी किन्शासात अलीच्या कोपऱ्यात असलेला.

फोरमनला हे जमले यात शरीराचाही मोठा वाटा आहे, आणि त्याकडे लक्ष दिले नाही तर त्याचे उदाहरण इतरांना घातक ठरते. बॉक्सरच्या अंगातून आधी पाय जातात, मग ठोसा दिसणे आणि अंग हलणे यांमधला क्षण लांबतो. ठोशाची ताकद सगळ्यांत शेवटी जाते. रॉबिन्सन, अली, लेनर्ड यांचे कसब पायांत आणि त्या क्षणात होते. ठोसा त्यांच्या अंगाला लागायचाच नाही, म्हणून त्यांनी हनुवटी झाकायची सवय कधी पुरती लावून घेतली नाही, आणि पाय गेले तेव्हा ती उघडी पडली. फोरमनचे भांडवल वजन, जॅब आणि उजव्या हाताची ताकद हे होते. परतल्यावर त्याने दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरून बचाव करायला घेतला, हालचाल कमी केली, दम वाचवला. त्याची शैली त्याच्या वयाबरोबर चालली. अलीला तशी शैलीच नव्हती. फोरमनकडे बघून परतायचे ठरवणाऱ्या चपळ बॉक्सरला तो चुकीचा धडा शिकवतो.

आता मार्सियानोच्या उदाहरणावरून येणारा आक्षेप. तो ४९ लढती खेळला, ४९ जिंकला, एप्रिल १९५६ मध्ये थांबला आणि ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात गेला तोवर परतला नाही. १९५९ मध्ये इंगेमार जोहान्सन विजेता झाल्यावर त्याने सराव सुरू करून पाहिला होता आणि सोडून दिला. त्याचा तो आकडा मुष्टियुद्धातला सगळ्यांत प्रसिद्ध आकडा आहे. १९८५ मध्ये होम्सची ४९ वी लढत सगळे जग त्यासाठीच पाहत होते. मग न परतणे हेच शहाणपणाचे नव्हते का? यातला एक भाग मी मान्य करतो. ज्याचा लौकिक आकड्यातच साठवला आहे, त्याचा एक पराभवही वजा होतो, मग तो कुठल्याही वयातला असो. फ्लॉइड मेवेदरचे ५०-० असेच आहे. पण आकडा हा लौकिकाचा एक प्रकार आहे आणि जाणकारांच्या लेखी तो फार वरचा नाही. ‘द रिंग’च्या यादीत पहिल्या दहांत मार्सियानो नाही, १९२८ मध्ये विजेता म्हणून थांबून पुन्हा न लढलेला जीन टनीही नाही. त्याच दहांत रॉबिन्सन, अली, लुइस आणि लेनर्ड आहेत, चौघेही निवृत्तीनंतर परतलेले, चौघेही परतल्यावर वाईट हरलेले. मार्सियानोच्या शून्याला एक प्रश्न कायम चिकटलेला असतो: त्याने हरवलेला लुइस ३७ वर्षांचा होता, वॉलकॉट ३८ चा, आर्ची मूर त्याहूनही जुना. पराभवच नाही म्हणून तो प्रश्न बंद झालेला नाही.

हॅगलरबद्दल हेच थोड्या वेगळ्या रीतीने म्हणता येते. १९८७ च्या त्या निकालानंतर तो पुन्हा कधीच लढला नाही. इटलीत जाऊन राहिला, चित्रपटांत कामे केली, कितीही पैसा समोर आला तरी परतला नाही. या निर्धाराबद्दल त्याला मिळणारा आदर खरा आहे आणि मलाही तो वाटतो. पण तो आदर माणसाला आहे. बॉक्सर म्हणून त्याला त्याच यादीत लेनर्डच्या खालचीच जागा मिळाली आहे. न परतण्याने त्याने जे वाचवले ते त्याचे डोके, त्याचे बोलणे, त्याची शेवटची तीस वर्षे.

तुम्ही फक्त महानांची उदाहरणे देता, असाही आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लुइस आणि अली यांच्या जमेला इतके होते की दोन-तीन पराभव दिसलेही नाहीत. एखाद्या मध्यम विजेत्याचे काय? मला वाटते त्याच्याबाबत प्रश्न नावाचा राहत नाही. एकदाच अजिंक्यपद मिळवून ते लवकर गमावलेल्या बॉक्सरला लोक आठवतात ते थोडेसे, आणि उतारवयातल्या पराभवाने ती आठवण बिघडण्यापेक्षा विसरण्याने बिघडण्याचा धोका मोठा असतो. आणखी एक आक्षेप आजच्या काळाचा आहे. लुइसच्या पडण्याला जगभरचा प्रेक्षक नव्हता. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला ५८ वर्षांचा माइक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या कसाबसा उभा राहिला, तेव्हा जगभर कोट्यवधी लोक ते नेटफ्लिक्सवर पाहत होते, आणि त्यांतल्या कित्येक तरुणांनी टायसनला लढताना पहिल्यांदाच पाहिले. त्यांच्या मनातला टायसन हाच असेल का? पूर्ण उत्तर द्यायला अजून काळ जावा लागेल. पण ज्या पडद्यावर त्यांनी ही लढत पाहिली, त्याच पडद्यावर दुसऱ्या दिवशी १९८६ ते १९८८ चा टायसनही होता, आणि शोधणाऱ्याला तो सापडायला एक मिनिटही लागत नाही. जुलै २०२५ मध्ये मॅनी पॅकियाओ ४६ व्या वर्षी मारिओ बॅरिओसशी बरोबरीत सुटला. त्याच्या आठ वजनी गटांतल्या अजिंक्यपदांकडे त्या निकालाने कोणी वेगळ्या नजरेने पाहू लागलेले नाही.

इथवर आलो की मूळ सल्ल्याचे काय उरते हे स्पष्ट दिसते. अलीला परतू नको म्हणणारे त्याच्या नावाची काळजी करत होते आणि त्या काळजीत एक मोठी चूक लपलेली होती. लढतीआधी, जुलै १९८० मध्ये, मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली. एका पायावर उड्या मारताना त्याला अपेक्षेइतकी चपळाई दाखवता आली नाही, आणि बोट नाकाला लावताना ते किंचित चुकत होते, असे त्या अहवालात होते. निष्कर्ष तरीही परवाना नाकारण्यासारखा काढला गेला नाही, आणि नेवाडाच्या आयोगाने परवाना दिला. त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको तर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सच्या लढतीनंतरच त्याला सोडून गेला होता, कारण थांब म्हणून सांगितलेले कोणी ऐकत नव्हते. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचे निदान जाहीर झाले. त्यात ठोशांचा नेमका किती वाटा होता हे कोणी तराजूत घालून सांगू शकत नाही, पण होम्सच्या त्या दहा फेऱ्या त्याच्या डोक्याला टाळता आल्या असत्या, एवढे निर्विवाद आहे. सगळे जग ‘तू तुझे नाव घालवशील’ असे म्हणत होते, आणि अलीला, जो नावाच्या बाबतीत कोणापेक्षाही हुशार होता, ठाऊक होते की ते खरे नाही. त्याला पटेल असा दुसरा प्रश्न, बोट नाकाला का लागत नाही हा, फारसा कोणी मोठ्याने विचारला नाही.

शरीराबद्दल हे बोलायला पाहिजे होते, कारण परतण्यामागे बहुतेक वेळा पैसा असतो आणि या खेळात निवृत्तीनंतरच्या पैशाची जवळजवळ कोणतीही व्यवस्था नाही. अमेरिकन फुटबॉल किंवा बेसबॉलच्या खेळाडूला संघटना आहे, निवृत्तिवेतन आहे. बॉक्सर हा स्वतःच एक दुकान असतो, आणि दुकान बंद म्हणजे मिळकत बंद. लुइस १९५६ मध्ये देणी फेडायला व्यावसायिक कुस्तीत उतरला; आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तो लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचे स्वागत करत असे. १९८१ मध्ये तो गेला, तेव्हा अंत्यसंस्काराच्या खर्चाचा काही भाग मॅक्स श्मेलिंगने उचलला. पुढे काही सुधारणा झाल्या. अमेरिकेच्या १९९६ च्या संघराज्य कायद्याने एका राज्याने वैद्यकीय कारणासाठी थांबवलेल्या बॉक्सरला दुसऱ्या राज्यात जाऊन लढण्यापासून रोखले, आणि लढतीआधी डॉक्टरांची तपासणी सक्तीची केली. पण हा कायदा देशाच्या सीमेवर संपतो. परवान्यासाठी ५८ वर्षांच्या माणसाची कोणती चाचणी घ्यायची हे अजूनही त्या त्या राज्याचा आयोग ठरवतो, आणि मोठी लढत आपल्या शहरात यावी असे प्रत्येक राज्याला वाटते. निवृत्तिवेतनाचा निधी कॅलिफोर्नियाने १९८२ मध्ये सुरू केला; त्यात तिथल्या लढतींच्या तिकिटांवरचा छोटा आकार जमा होतो. त्या राज्यात ठरावीक फेऱ्या लढलेल्या बॉक्सरला वयाच्या पन्नाशीनंतर त्यातून रक्कम मिळते. अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही राज्याने असा निधी अजून उभारलेला नाही.